व्हिडिओ कॉलवरील सादरीकरण: आधी आवाज, मग शब्द, मग पडदा

वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याचा गुणवत्ता अधिकारी युरोपातील ग्राहकापुढे अहवाल मांडतो, काणकोणातील होमस्टेचा चालक दिल्लीच्या सहल कंपन्यांना आपल्या खोल्या दाखवतो, सत्तरीतील शिक्षिका पणजीच्या अधिकाऱ्यांसमोर शाळेचा प्रकल्प ठेवते आणि गोवा विद्यापीठातील संशोधक परगावच्या परीक्षकांना उत्तरे देतो. ही सगळी कामे आता व्हिडिओ कॉलवर होतात. ती करणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपल्या विषयाची उत्तम जाण असते. तरीही सादरीकरण पडते, आणि त्याचे कारण बहुधा माध्यमात असते. सभागृहात समोरची माणसे मान हलवतात, कुजबुजतात, कंटाळली तर चुळबुळ करतात, आणि त्यावरून वक्ता आपला वेग बदलतो. कॉलवर यातले काहीच नीट कळत नाही. ऐकणारा आपल्या जागी एकटा असतो, कदाचित प्रवासात असतो, त्याच्यापुढे मोबाइलचा छोटा पडदा असतो आणि त्याच पडद्यावर व्हॉट्सअ‍ॅप उघडण्याचा मोह त्याला सतत होत असतो.

म्हणून या लेखातील सगळी तयारी एकाच कसोटीवर घासून पाहिली आहे. चित्र अडकले, स्लाइड उघडली नाही, कॅमेरा बंद करावा लागला, तरी नुसत्या आवाजावर आपला मुद्दा समोरच्याला कळेल का? गोव्यात जून ते सप्टेंबर या महिन्यांत ही कसोटी प्रत्यक्षातच लागते, कारण वीज जाते, नेट डळमळते आणि पत्र्यावर कोसळणारा पाऊस आपल्यापेक्षा मोठ्याने बोलतो.

सोयीसाठी एक उदाहरण डोळ्यांपुढे ठेवू. फोंडा तालुक्यात सावईवेऱ्याच्या बाजूला एका कुटुंबाचे कुळागर आहे. सुपारीच्या झाडांवर चढवलेले मिरीचे वेल, जायफळ, वेलची, केळी, असे सगळे त्यात आहे. पुणे आणि बंगळुरू येथील सहल कंपन्यांनी आपल्या प्रवाशांना तेथे आणावे, अशी मालकांची इच्छा आहे, आणि त्यासाठी त्यांना कॉलवर २० मिनिटे मिळाली आहेत. उदाहरण काल्पनिक आहे, पण अडचणी सगळ्या खऱ्या आहेत.

आधी एक वाक्य ठरवावे

लॅपटॉप उघडण्यापूर्वी कागदावर एकच वाक्य लिहावे: कॉल संपल्यावर समोरच्याने नेमके काय करावे? ‘त्यांना आमच्या कुळागराची माहिती व्हावी’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण माहिती होऊनही कोणी काही करत नाही. ‘ऑक्टोबरात त्यांनी आमच्याकडे एक चाचणी गट पाठवावा’ हे वाक्य कामाचे आहे. त्यात कृती आहे, वेळ आहे, आणि होकार किंवा नकार मिळाला की तो लगेच कळतो.

हे वाक्य ठरले की काय गाळायचे ते आपोआप ठरते. आजोबांनी कुळागर कसे वसवले, पाटाचे पाणी कुठल्या झऱ्यावरून येते, किती जातींची झाडे आहेत, हे सगळे मालकांच्या जिव्हाळ्याचे विषय आहेत. पण सहल कंपनीच्या माणसाला बस आत येते का, जेवण किती वाजता मिळते, ज्येष्ठ नागरिकांना चालण्याची वाट कशी आहे आणि माणशी खर्च किती, हे आधी हवे असते. जिव्हाळ्याच्या विषयांना एखादे मिनिट द्यावे, तेही शेवटच्या भागात. आपल्याकडे प्रस्तावनेची फार हौस आहे. मान्यवरांचे आभार, संस्थेची स्थापना, मागील वाटचाल, असे करता करता पहिली सात मिनिटे निघून जातात आणि तोवर निम्मे लोक म्यूट होऊन दुसऱ्या कामाला लागलेले असतात.

२० मिनिटे मिळाली असतील तर १२ ते १३ मिनिटांचेच साहित्य तयार करावे. उरलेला वेळ लोकांचे उशिरा येणे, ‘ऐकू येतंय का’ हे संवाद आणि प्रश्न यांत जातो. कॉल आपणच ठेवणार असाल तर खात्याची मर्यादाही पाहावी, कारण झूमच्या मोफत खात्यावरील बैठक ४० मिनिटांत बंद होते, तर गूगल मीटच्या मोफत खात्यावर तीन किंवा अधिक जणांच्या बैठकीला ६० मिनिटे मिळतात.

परदेशातील मंडळी असतील तर वेळ दोन्हीकडच्या घड्याळांप्रमाणे लिहून कळवावी. गोव्याचा संबंध लिस्बनशी, लंडनशी आणि आखाताशी नेहमीचा आहे, आणि घोळ इथेच होतो. लिस्बन आणि लंडन हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतात, पण मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तेथील घड्याळे एक तास पुढे सरकतात आणि फरक साडेचार तासांचा होतो. दुबई मात्र वर्षभर दीड तासच मागे असते.

आवाजावर सर्वांत जास्त कष्ट घ्यावेत

कॅमेरा, रिंग लाइट आणि मागची सजावट यांवर लोक हजारो रुपये खर्च करतात आणि माइक मात्र लॅपटॉपला होता तोच ठेवतात. हा क्रम उलटा आहे. एरिन न्यूमन आणि नॉर्बर्ट श्वार्झ या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना वैज्ञानिकांची तीच भाषणे आणि मुलाखती कधी स्वच्छ आवाजात तर कधी खराब आवाजात ऐकवण्यात आल्या. शब्द तेच असूनही खराब आवाजात ऐकणाऱ्यांना तो संशोधक आणि त्याचे संशोधन दोन्ही कमी दर्जाचे वाटले. थोडक्यात, घुमणारा आवाज केवळ कानाला त्रास देत नाही, बोलणाऱ्याची पतही कमी करतो.

पहिला नियम अंतराचा आहे. मोकळ्या जागेत माइकपासूनचे अंतर दुप्पट झाले की थेट पोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, पण खोलीतील पंख्याचा, पावसाचा आणि भिंतींवरून परतणारा आवाज जवळपास तेवढाच राहतो. लॅपटॉप हातभर लांब असेल तर त्याचा माइक आपल्याइतकेच खोलीलाही ऐकतो. म्हणून मोबाइलचा साधा वायरचा इअरफोनसुद्धा लॅपटॉपच्या माइकपेक्षा बहुतेक वेळा बरा ठरतो, कारण त्याचा माइक तोंडाजवळ असतो. तो शर्टाच्या कॉलरवर, मंगळसूत्रावर किंवा केसांवर घासणार नाही एवढे पाहावे. त्या घासण्याची खरखर बोलणाऱ्याला ऐकू येत नाही आणि ऐकणाऱ्याला मात्र दुसरे काही ऐकू येत नाही. कॉलरला लावायचा यूएसबी माइक घेता आला तर उत्तमच.

ब्लूटूथ इअरफोन दिसायला सुटसुटीत असले तरी अनेक लॅपटॉपांवर त्यांचा माइक सुरू होताच जोडणी फोनकॉलच्या पद्धतीवर जाते आणि आवाजाचा दर्जा उतरतो. शिवाय त्यांची चार्जिंग नेमकी मध्येच संपते. महत्त्वाच्या कॉलला वायरच वापरावी.

दुसरी बाब खोलीची आहे. जुन्या गोमंतकीय घरांतील उंच छताच्या, मोकळ्या आणि फरशीच्या खोल्या राहायला सुखाच्या असतात, पण त्यांत आवाज घुमतो. त्यापेक्षा अंथरूण, पडदे आणि कपड्यांचे कपाट असलेली झोपण्याची लहान खोली चांगली, कारण कापड आवाज शोषते. टेबलावर जाड टॉवेल अंथरला तरी फरक कळतो. पावसाळ्यात पत्र्याखालची किंवा गच्चीलगतची खोली टाळून, वर मजला किंवा माडी असलेली खोली निवडावी. छताचा पंखा नेमका डोक्यावर असेल तर त्याचा वारा माइकवर आदळतो. तो कॉलपुरता मंद करावा किंवा खुर्ची बाजूला घ्यावी.

घरातल्या आणि रस्त्यावरच्या आवाजांचे वेळापत्रक आपल्याला पाठ असते, पण कॉलची वेळ देताना ते आठवत नाही. संध्याकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत येतो, सकाळी मासळीवाली हाक मारते, जेवणाआधी कुकरच्या शिट्ट्या होतात, चतुर्थीच्या दिवसांत शेजारी आरती आणि फटाके असतात. झूम, मीट आणि टीम्स या सर्वांत आवाज गाळण्याची सोय आहे आणि पंख्याच्या एकसुरी घरघरीवर ती चांगली चालते. पावसाच्या मोठ्या सरीत मात्र ती आपले शब्दही खाऊन टाकते. तेव्हा तिच्यावर सर्वस्वी विसंबून राहू नये.

एक प्रकार कचेऱ्यांत वारंवार दिसतो. एकाच खोलीत तीन माणसे तीन लॅपटॉप घेऊन एकाच कॉलवर बसतात आणि कर्कश शीळ सुरू होते. एका यंत्राचा स्पीकर दुसऱ्याच्या माइकमध्ये जातो, तेथून परत येतो आणि वाढत राहतो. एका खोलीत एकच माइक आणि एकच स्पीकर चालू ठेवावा. बाकीच्यांनी केवळ म्यूट होऊन भागत नाही, त्यांनी स्पीकरही बंद करावा.

नेट आणि वीज

नेटची तपासणी करताना लोक डाउनलोडचा आकडा पाहून खूश होतात. सादर करणाऱ्याला अपलोडचा वेग अधिक महत्त्वाचा, कारण त्याचा आवाज आणि चित्र बाहेर जायचे असते. नुसत्या आवाजाला सेकंदाला १०० किलोबिटांहून कमी पुरतात, तर गटाच्या कॉलवर स्वच्छ ७२० पिक्सेलच्या चित्राला साधारण २ ते ३ मेगाबिट लागतात. म्हणजे नेट डळमळू लागले की कॅमेरा बंद केल्यावर आवाज वाचण्याची शक्यता बरीच वाढते. हा आकड्यांचा हिशेब ध्यानात असला की कॅमेरा बंद करताना संकोच वाटत नाही.

वायफायच्या दोन पट्ट्या असतात. ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान असते पण भिंतीत लवकर अडते, २.४ गिगाहर्ट्झची हळू असते पण लांब पोचते. चिऱ्यांच्या जाड भिंतींच्या घरात राउटर पुढच्या खोलीत आणि आपण माजघरात, असे असेल तर दोन्हीही अपुऱ्या पडतात. राउटरच्याच खोलीत बसावे, किंवा त्याहून चांगले म्हणजे लॅन केबलने लॅपटॉप थेट जोडावा. दहा मीटरची केबल कुठल्याही संगणकाच्या दुकानात मिळते आणि पुढची अनेक वर्षे पुरते.

वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर बंद पडतो, हे बहुतेकांच्या ध्यानात कॉलच्या मध्येच येते. राउटरसाठी खास लहान यूपीएस मिळतात. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहून तसाच घ्यावा. शिवाय मोबाइलवर दुसऱ्या कंपनीचे सिम असावे आणि हॉटस्पॉट लॅपटॉपला आधीच एकदा जोडून ठेवलेला असावा, म्हणजे ऐनवेळी पासवर्ड शोधावा लागत नाही. सांगे, सत्तरी, काणकोण या भागांत घराच्या एकाच खिडकीत रेंज येते असा प्रकार असतो. तेव्हा ज्या जागी बसणार त्याच जागी, आणि कॉलच्याच वेळी आदल्या दिवशी तपासणी करावी. दुपारी तीनला मिळणारा वेग रात्री नऊला मिळेलच असे नाही.

स्लाइड: मोबाइलवर वाचता आली तरच ठेवावी

स्लाइड तयार झाली की तिचे चित्र स्वतःच्या मोबाइलवर पाठवावे, फोन आडवा न करता हातभर लांब धरावा आणि वाचून पाहावे. जे वाचता येत नाही ते काढावे. ही चाचणी अक्षरांच्या आकाराविषयीच्या कोणत्याही नियमापेक्षा खरी आहे, कारण समोरच्यांपैकी अनेक जण नेमके असेच पाहणार असतात.

कुळागराच्या मालकांची पहिली स्लाइड समजा अशी आहे: वर ‘आमच्या सुविधा’ असे शीर्षक, खाली नऊ मुद्दे, बाजूला चार फोटो, कोपऱ्यात बोधचिन्ह. मालक ती वाचून दाखवतात. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या शिकण्यावरील संशोधनातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे, की चित्र, त्याचे बोलून केलेले वर्णन आणि तेच शब्द पुन्हा पडद्यावर, असे तिन्ही एकदम आले की समजणे सुधारण्याऐवजी बिघडते. डोळे वाचत असतात, कान ऐकत असतात, आणि दोघांचा वेग जुळत नाही. आता हीच स्लाइड अशी करून पाहावी: शीर्षकात पूर्ण वाक्य, ‘४० जणांचा गट तीन तासांत फिरून, जेवून बसमध्ये परततो’, त्याखाली एकच मोठा फोटो, ज्यात सुपारीच्या झाडाला बिलगलेला मिरीचा वेल आणि त्याकडे पाहणारी माणसे दिसतात. बाकीच्या आठ मुद्द्यांपैकी तीन बोलण्यात यावेत, उरलेले नंतर पाठवायच्या कागदात. बोधचिन्ह शेवटच्या स्लाइडवर एकदा पुरे.

शीर्षकात वाक्य असण्याचा आणखी एक फायदा आहे. ज्याचे लक्ष दोन मिनिटे उडाले होते, तो पडद्याकडे पाहताच परत धाग्यावर येतो.

रंगांच्या बाबतीत गडदावर फिके किंवा फिक्यावर गडद एवढे पाळले तरी चालते. ज्यांना माप हवे असेल त्यांच्यासाठी, संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष नेहमीच्या अक्षरांसाठी अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ इतके प्रमाण सांगतात. अक्षरे सरकत येणे, फिरणे, विरणे असले प्रकार काढून टाकावेत. कॉलवर पडदा सेकंदाला कमी वेळा ताजा होतो, त्यामुळे सभागृहात डौलदार दिसणारी हालचाल तेथे अडखळत, तुकड्यातुकड्यांनी दिसते.

मराठी स्लाइड करणाऱ्यांनी युनिकोड फाँटच वापरावा. जुन्या टंकलेखन प्रणालींतील फाँट आपल्या संगणकावर छान दिसतात आणि फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की सगळी अक्षरे चिन्हांच्या गोंधळात बदलतात. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता हे फाँट मोफत आहेत आणि लहान पडद्यावर स्वच्छ दिसतात. शेवटची प्रत पीडीएफ करून तीही हाताशी ठेवावी.

गोव्यात एकाच कॉलवर मराठी, कोंकणी आणि इंग्रजी तिन्ही असणे नेहमीचे आहे. पडद्यावरची भाषा एक ठरवून शेवटपर्यंत तीच ठेवावी. बोलण्यात बदल झाला तरी हरकत नाही, मात्र आकडे आणि गावांची नावे दोन्हीकडे सारखीच असावीत.

उजेड आणि कॅमेरा

यावर फार बोलण्यासारखे नाही. खिडकी समोर असावी, पाठीमागे नसावी, कारण कॅमेरा मागच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि चेहरा काळा पडतो. बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर बसून, मागे अंगण ठेवून कॉल घेण्याचा मोह याच कारणासाठी आवरावा. पावसाळ्यात दुपारीच अंधारून येते, तेव्हा समोर एक टेबल लॅम्प भिंतीकडे तोंड करून ठेवावा, म्हणजे उजेड मऊ येतो. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर हवा. लॅपटॉपखाली चार जाडजूड पुस्तके ठेवली की झाले. संगणकीय पार्श्वभूमी शक्यतो टाळावी, ती कान आणि केस कापते आणि जुन्या लॅपटॉपला दमवते. साधी भिंत कुणालाही खटकत नाही.

रंगीत तालीम

तालीम मनातल्या मनात करू नये. लिंक तयार करून, दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या गावात असलेल्या कुणाला तरी मोबाइलवरून जोडून घ्यावे आणि पूर्ण सादरीकरण एकदा म्हणावे. त्याला एकच काम सांगावे: पाच मिनिटे फोन उलटा ठेवून नुसते ऐकायचे आणि नंतर आपण काय मागितले ते सांगायचे. त्याला ते सांगता आले नाही तर दोष बोलण्यात आहे, स्लाइडमध्ये बदल करून तो जाणार नाही.

याच तालमीत भाषण रेकॉर्ड करावे आणि पहिली दोन मिनिटे तरी ऐकावीत. गोव्यात देवळांच्या मंडपांत मराठी नाटके करण्याची मोठी परंपरा आहे, आणि ज्यांनी रंगमंचावर काम केले आहे त्यांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्याची सवय असते. कॉलवर ती सवय आडवी येते. ऐकणाऱ्याचा कान इथे वितभर अंतरावर असतो, म्हणून आवाज चढवण्याऐवजी शब्द सुटे आणि वाक्याचा शेवट स्पष्ट ठेवावा. मराठीत क्रियापद शेवटी येते, आणि ‘आहे’ की ‘नाही’ हेच गिळले गेले तर सगळे वाक्य वाया जाते.

कॉलपूर्वीचा अर्धा तास

लॅपटॉप एकदा बंद करून चालू करावा आणि सादरीकरणाला लागणार नाहीत ती सर्व पाने बंद करावीत. व्हॉट्सअ‍ॅप वेब विशेषतः बंद करावे. संपूर्ण पडदा शेअर केलेला असताना घरच्या गटावरचा निरोप सर्वांसमोर झळकतो. शक्य तेथे पूर्ण पडद्याऐवजी एकच खिडकी शेअर करावी. चलचित्र दाखवायचे असेल तर गूगल मीटमध्ये ब्राउझरची टॅब शेअर करावी आणि झूममध्ये आवाज शेअर करण्याच्या पर्यायावर आधी खूण करावी. नाहीतर ओठ हलतात आणि आवाज येत नाही.

दुसरा एक मोबाइल त्याच कॉलवर प्रेक्षक म्हणून जोडून, आवाज आणि माइक दोन्ही बंद करून, लॅपटॉपच्या बाजूला ठेवावा. इतरांना काय दिसते ते त्यावर दिसत राहते आणि ‘माझी स्क्रीन दिसते का’ असे विचारण्याची वेळ येत नाही.

एखाद्या सहकाऱ्याला को-होस्ट करावे. उशिरा येणाऱ्यांना आत घेणे, चुकून चालू राहिलेले माइक बंद करणे आणि चॅटवर नजर ठेवणे ही कामे बोलणाऱ्याने स्वतः करू नयेत. स्लाइडची प्रत त्या सहकाऱ्याकडेही असावी.

बोलताना

पहिल्या अर्ध्या मिनिटात तीन गोष्टी सांगाव्यात: आपण कोण, किती वेळ घेणार आणि शेवटी काय मागणार. कुळागराच्या मालकांनी असे म्हणावे, ‘नमस्कार. मी फोंड्याजवळ सावईवेऱ्याहून बोलतो आहे. पुढच्या १२ मिनिटांत आमच्याकडची तीन तासांची सहल कशी असते ते सांगतो, आणि शेवटी ऑक्टोबरात एक गट पाठवण्याविषयी तुमच्याशी बोलायचे आहे.’ मागणे आधीच सांगून टाकले की ऐकणारा पुढचे सगळे त्याच दृष्टीने ऐकतो.

पडद्यावर जे दिसत नाही ते शब्दांनी सांगावे आणि जे दिसते त्याकडेही शब्दांनीच बोट दाखवावे. ‘इथे पाहा’ म्हणू नये. ‘डावीकडच्या फोटोत लाकडी पूल दिसतो, तिथून चालण्याची वाट सुरू होते’ असे म्हणावे. ज्याचे चित्र अडकले आहे त्यालाही मग पूल दिसतो. स्लाइड बदलल्यावर दोन सेकंद गप्प राहावे, कारण ती समोरच्याकडे उशिरा पोचते.

गप्प राहणे हा कॉलवरचा सर्वांत अवघड भाग आहे. २००९ साली दहा भाषांवर झालेल्या एका अभ्यासात दिसले, की समोरासमोरच्या संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरी सुमारे २०० मिलिसेकंदांचेच अंतर असते. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर संभाषण सहज चालते. आपल्याकडच्या डळमळत्या जोडणीवर तो सहज त्यापुढे जातो. त्यामुळे समोरच्याने बोलायला सुरुवात केलेली असते, आपल्याला ती ऐकू आलेली नसते, आपण पुढचे वाक्य सुरू करतो, दोघेही थांबतो आणि ‘तुम्ही बोला, नाही तुम्ही बोला’ सुरू होते. प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजावेत. ते पाच आकडे आपल्याला फार लांब वाटतात, समोरच्याला नाही.

‘कुणाला काही शंका?’ या प्रश्नाला कॉलवर शांतताच उत्तर म्हणून येते. नाव घेऊन आणि आधी सूचना देऊन विचारावे: ‘पुढच्या स्लाइडनंतर मी बंगळुरूच्या मंडळींना बसविषयी विचारणार आहे.’ वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाला अचानक नाव घेऊन उत्तर मागणे आपल्याकडे उद्धटपणाचे वाटते. अशा वेळी ‘सर, आपल्याला सोयीचे असेल तर जेवणाच्या वेळेबद्दल आपले मत ऐकायला आवडेल’ असे म्हणावे. दर तीन-चार मिनिटांनी काहीतरी छोटे काम द्यावे, जसे चॅटमध्ये आपल्या गटाची नेहमीची संख्या लिहिणे. संख्या लिहिणारा माणूस तेवढा वेळ तरी आपल्याबरोबर असतो.

स्वतःचा चेहरा पडद्यावर सतत पाहत राहिल्याने थकवा येतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी चार कारणे मांडली, त्यांत हे एक होते. बाकीची तीन म्हणजे फार जवळून सतत रोखलेल्या नजरा, एका जागी बांधले जाणे आणि हावभाव समजून घेण्यासाठी करावे लागणारे जादा श्रम. आपले चित्र स्वतःपुरते लपवण्याची सोय झूम आणि मीट दोन्हींत आहे, ती वापरावी. कॅमेऱ्याच्या ठिपक्याकडे पूर्ण वेळ पाहण्याची गरज नाही, ते अनैसर्गिक दिसते. मुख्य मागणे मांडताना आणि एखाद्याच्या प्रश्नाला उत्तर देण्यास सुरुवात करताना तिकडे पाहिले तरी पुरे.

बिघडले तर

नेट अडखळू लागले की आधी कॅमेरा बंद करावा. तरीही आवाज तुटत असेल तर हॉटस्पॉटवर यावे. तेही जमले नाही तर कॉलच्या निमंत्रणात फोन क्रमांक असल्यास साध्या फोनवरून जोडून घ्यावे, आणि सहकाऱ्याने आपल्या प्रतीतून स्लाइड पुढे न्याव्यात; ‘पुढची’ म्हणण्याऐवजी ‘स्लाइड पाच’ असे आकड्यानेच सांगावे, म्हणजे दोघांची चुकामूक होत नाही. हा क्रम सहकाऱ्याशी आधी बोलून ठेवलेला असावा.

परत आल्यावर क्षमायाचना एका वाक्यात आटोपावी. वीज, वारा आणि कंपनीची सेवा यांवर दोन मिनिटे बोलून आपलाच वेळ जातो. ‘माफ करा, जोडणी गेली होती, आपण जेवणाच्या व्यवस्थेवर होतो’ एवढे म्हणून पुढे जावे.

पावसाने बोलणे अशक्य केले तर जोर लावून ओरडू नये. दोन मिनिटे थांबण्याची परवानगी घ्यावी, तेवढ्यात श्रोत्यांना पाहण्यासाठी एक फोटो ठेवावा आणि सर ओसरली की सुरू करावे. कोकणपट्टीबाहेरच्या माणसाला त्या आवाजाचे अप्रूपही असते.

प्रश्न आणि नंतरचे काम

प्रश्न आला की तो आपल्या शब्दांत परत म्हणावा, कारण सर्वांना तो ऐकू आलेला नसतो आणि आपल्यालाही विचार करायला सवड मिळते. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबले की थेट त्या स्लाइडवर जाता येते. क्रमांकांची यादी कागदावर समोर असावी. चर्चा रंगली तर शेअर बंद करून चेहरे मोठे होऊ द्यावेत. ठरलेल्या वेळेच्या तीन मिनिटे आधी प्रश्न थांबवून मूळ मागणे पुन्हा एकदा, त्याच शब्दांत मांडावे आणि पुढचे पाऊल कोण, कोणत्या तारखेपर्यंत उचलणार हे सर्वांसमोर बोलून घ्यावे.

त्याच दिवशी एका पानाचा निरोप पाठवावा. त्यात ठरलेले मुद्दे, दर, तारखा आणि उत्तर न देता आलेल्या प्रश्नांची उत्तरे असावीत. स्लाइडची पीडीएफ सोबत जोडावी. रेकॉर्डिंग करायचे असेल तर सुरुवातीलाच सर्वांची परवानगी घ्यावी, आणि ते पाठवताना ‘ऐकू येतंय का’चा सुरुवातीचा भाग कापून, कोणता मुद्दा कितव्या मिनिटाला आहे ते निरोपात लिहावे. न आलेला वरिष्ठ अधिकारी बहुधा दरांचे दीड मिनिटच पाहणार असतो, आणि ते त्याला शोधावे लागू नये.